शीळफाट्यावर वर केलेला हात

रविवारी संध्याकाळी देसई गावाजवळच्या वळणावर तुझ्या गाडीची साखळी तुटली. तू गाडी कडेला लावलीस आणि थांबलास. मुकुंद शीळफाट्यावर थांबला नाही. बैलगाडीला ओलांडून ट्रक आला. सोमवारी सकाळी शाळेत मला निरोप मिळाला.

वसंता, हे मी सावकाश लिहितो आहे. तू असतास तर खांद्यावरून डोकावून म्हणाला असतास, "मास्तर, शाई वाळली, पुढचा शब्द कधी?" पण मला घाई नाही. घाई ज्याला होती त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

वाचनालयात तुझी शोकसभा झाली. जन्म, शिक्षण, कारखान्यातली नोकरी, स्वभाव मनमिळाऊ. सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठेच नव्हतास. मग मुकुंद उठला. घडी घातलेला रुमाल हातात होता. म्हणाला, "वसंताला वेगाचं वेड होतं. आम्ही किती समजावलं त्याला! वाऱ्याशी शर्यत लावणारा हा आमचा मित्र शेवटी वाऱ्यासारखाच निघून गेला." पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. वडिलांनी मुलाबद्दल ऐकायचं शेवटचं वाक्य ते. त्यांनी मान खाली घातली, जशी वर्गातला मुलगा नापास झाल्यावर एखादा बाप घालतो. हॉलमध्ये दोघं-तिघं हळहळले. "ही फटफटी म्हणजे मरणच," असं माझ्या मागे कोणीतरी म्हणालं.

वेग! आणि तुझा! मुकुंद, फिलिप, तू आणि मी, आपल्या चौघांत तू शेपूट होतास. सगळ्यांच्या मागे राहायचं, हत्यारांची पिशवी वागवायची, ज्याचं काही मोडेल त्याचं जोडायचं. शेपटाला वेग नसतो, शेपटाला फक्त पुढच्याची धूळ असते. नेरळहून परतताना तुझ्या भुवयांवर इतकी धूळ असायची की तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, दारातूनच अण्णांना म्हणायच्या, "अहो, बघा, सासरे आले तुमचे." मी तुझ्या पाठीमागे बसून सगळे रस्ते पाहिले. एका बाईच्या डोक्यावरची पाटी डुगडुगायला नको म्हणून गाडी हळू करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सभेत हे सांगता आलं असतं. मी गप्प राहिलो, कारण तोवर मला फक्त वाक्य खोटं आहे एवढंच माहीत होतं. खरं काय ते माहीत नव्हतं.

त्या रविवारी मी तुझ्या मागे नव्हतो. सहामाहीचे पेपर होते. मानपाड्याच्या तिठ्यावर सकाळी तू गाडी थांबवलीस. मी डोंबिवलीहून चालत फक्त हे सांगायला आलो होतो की येत नाही. तू म्हणालास, "मग तुझ्या जागेवर फणस बांधून आणतो. तोही तुझ्याइतकाच बोलतो." तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य हे. फणस. माझी तक्रार नाही. एखादं गंभीर वाक्य बोलून गेला असतास तर ते तुझं आहे असं मला वाटलंच नसतं.

मी फार बोलायचो, हे खरं. आठवडाभर वाचलेलं सगळं मागच्या सीटवरून तुझ्या कानात ओतायचो. तू मान डोलवत राहायचास. दोन वर्षं मला वाटत होतं की मला मिळाला तितका जाणता श्रोता कोणाला मिळाला नसेल. मग खंडाळ्याला चहा पिताना तू डोक्यावरची चामडी टोपी काढलीस, तिच्याखालची काकूंनी विणलेली कानटोपी काढलीस आणि त्या कानटोपीखालून कापसाचे दोन बोळे काढलेस. मी बघत राहिलो. तू म्हणालास, "रागावू नकोस. तुझं बोलणं मला पाठीला कळतं." फिलिप हसता हसता बाकावरून खाली घसरला.

त्या कानटोप्या काकूंनी चौघांनाही विणल्या होत्या, एकाच तपकिरी लोकरीच्या. तुला, मला, फिलिपला आणि मुकुंदला. मुकुंदच्या टोपीला त्याने हट्टाने गोंडा लावून घेतला होता. "काकू, मी पुढे असतो ना, ओळखू आलं पाहिजे." काकूंनी हौसेने लावला.

तुझा तो कोट आठवतो. कल्याणची छावणी रिकामी होऊन तिथे निर्वासित राहायला आले, आणि लष्कराचा टाकलेला माल एका सिंधी म्हाताऱ्याने दुकानात मांडला. त्या ढिगातून तू खाकी कोट उपसलास. आत लोकरीचं अस्तर, खिशावर कोणा गोऱ्या शिपायाच्या नावाची अक्षरं. तुझ्यासारखे दोघं त्यात मावले असते. दुकानदार म्हणाला, "साहेब, ये कोट लडाई देखके आया है, इसको कुछ नहीं होता." गाडीही तशीच, लढाई पाहून आलेली. तिची बॅटरी गेल्या पावसाळ्यात मेली ती मेलीच. इंजिन चालू तोवर दिवा, इंजिन बंद की अंधार. तू म्हणायचास, "नवी घेऊ पुढच्या महिन्यात." गॉगल एकच मिळाला होता, तोही एका काचेला तडा गेलेला. पुढे नुसतीच काच मिळाली तेव्हा ती बसवून तू गॉगल मला दिलास. "मला रस्ता पाठ आहे. बघायचं तुलाच असतं," म्हणालास. मागे बसलेल्याला गॉगल देणारा चालक! आज हे लिहिताना तो गॉगल समोर आहे. तुझं औदार्य असं खुळं होतं. त्या खुळेपणाचाच मला राग येतो आहे, तोही लिहीन.

आधी नियमाचं लिहितो. हा लेख वाचणाऱ्यांना तो ठाऊक नसेल.

तो नियम कसाऱ्याने आपल्याला दिला. तू आणि मी घाट चढून वर गेलो, फिलिपच्या गाडीची वायर जळून तो खाली राहिला. त्याला वाटलं आपण पुढे गेलो, म्हणून गाडी ढकलत तो एका वाटेने निघाला. आपण त्याला शोधायला दुसऱ्या वाटेने खाली उतरलो. दुपारभर आपण एकमेकांना शोधत होतो, आणि मधे बसलेला एक करवंदवाला दोघांनाही सांगत होता, "आत्ताच गेलं की तुमचं माणूस!" संध्याकाळी शहापूरला गाठ पडली तेव्हा फिलिप रडकुंडीला आला होता. तिथेच, धाब्यावरच्या खाटेवर बसून तू नियम केलास. एक: जिथे फाटा येईल तिथे प्रत्येकाने आपल्या मागचा दिसेपर्यंत थांबायचं. दिसला की हात वर करायचा. तो हात पाहून पुढच्याने निघायचं. दोन: ज्याची गाडी बंद पडेल त्याने जागा सोडायची नाही. हरवलेल्याने शोधायला निघू नये, बाकीचे येतातच.

दुसऱ्या नियमावर मी तेव्हाच हरकत घेतली होती. "कुठवर थांबायचं? मर्यादा हवी. अंधार पडला, पाऊस आला, तर काय? नियमाला पोटनियम असतो."

तू म्हणालास, "येईपर्यंत थांबायचं."

"आणि नाही आले तर?"

"येतील रे. आपलीच माणसं."

"पण समज..."

"मास्तर, पोटनियम काढलास की नियम मेला. मग प्रत्येक जण मनाशी हिशेब करत बसेल की आता निघू का. मी तिथेच आहे, हे तुला ठाऊक असायला हवं. तेवढंच."

हा वाद आपण किती वेळा घातला! शेवटचा बदलापूरच्या बंधाऱ्यावर, पाय पाण्यात सोडून. अर्धवट राहिला, कारण मुकुंदने मागून येऊन तुला पाण्यात ढकललं. सगळे हसलो. मीही हसलो. मला तो हसरा मुकुंद आठवतो, गोंड्याची टोपी घालून बंधाऱ्यावर नाचणारा. आठवतो म्हणून माझा राग कमी होत नाही. उलट वाढतो. परक्याने केलं असतं तर मी दैव म्हटलं असतं.

शोकसभेनंतर दुसऱ्या दिवशी मी पोलीस चौकीच्या आवारात तुझी गाडी पाहायला गेलो. अण्णांनी मला पाठवलं होतं. "भंगारात देऊन टाक ती," म्हणाले. "माझ्या मुलाला खाल्लं तिने." गाडी भिंतीला टेकवलेली होती. मागचा मडगार्ड वाकला होता. साखळी जागेवर नव्हती. हवालदार म्हणाला, "आदळली तेव्हा तुटून पडली असेल कुठे." मी हत्यारांची पिशवी उघडली. आत साखळी होती, तुझ्या चौकटीच्या रुमालात नीट गुंडाळलेली, वर गाठ मारलेली.

आदळून तुटलेली साखळी रुमालात जाऊन बसत नाही. ती तू काढलीस. म्हणजे ट्रक आला तेव्हा गाडी चालत नव्हती. वाऱ्याशी शर्यत लावणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभा होता.

मग मी तुझी पत्र्याची डबी उघडली. तुटलेल्या साखळीची दोन टोकं सांधायची जोडकडी तू त्या डबीत ठेवायचास, पितळेची, तुझ्या हाताने कारखान्यात घासलेली, एका अंगाला फुली कोरलेली. डबी रिकामी होती.

फिलिपकडे गेलो. तो दारात बसून आपली हॅट हातात फिरवत होता. मला पाहून म्हणाला, "मास्तर, मला झोप नाय येत."

"जोडकडी कुठे गेली, फिलिप?"

"मुकुंदच्या साखळीत. त्या दिवशी परतताना बदलापूरला त्याची तुटली. वसंताने आपली काढून दिली. मी बोललो, अरे, तुझ्याकडे मग काय राहिलं? तो बोलला, रस्ता थोडाच आहे आता."

"आणि फाट्यावर?"

फिलिप हॅट फिरवायचा थांबला. "त्या दिवशी मी पुढे होतो. मुंब्र्याच्या बाजूला जाऊन उभा होतो. मागे बघत. मुकुंद फाट्यावर आला. पळभर थांबला. मग हात वर केला. मी पाह्यला त्याचा हात, मास्तर. देवाच्यान. वर होता. म्हणून मी निघालो."

"मग तो तुझ्या मागे आला."

"मागे कसला? मला टाकून पुढे गेला. त्याला नाटकाला जायचं होतं ना ठाण्यात. सकाळपासून चाललं होतं त्याचं, नांदी चुकली तर मजा गेली."

नांदी. वसंता, तू देसईच्या वळणावर उभा होतास तेव्हा तो अत्तर लावून तिसऱ्या रांगेत बसला होता, आणि त्याच्या गाडीची साखळी तुझ्या कडीवर चालून त्याला तिथवर घेऊन आली होती.

तरी मी खात्री केली. माझा स्वभाव तू जाणतोस, मी तळटीप वाचल्याशिवाय पान उलटत नाही. देसईला गेलो. वळणाच्या वर एक आगरी म्हातारी गवताचा भारा उतरवून बसली होती. मी विचारायच्या आधीच तिने मला विचारलं, "त्या फटफटीवाल्याचा तू कोन?"

"मित्र."

"मंग तवा कुटं व्हतास?" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "मी बोल्ले त्याला, पोरा, आंदार परतंय, गाडी ढकल नि चल माज्या घरा, पेज पी. त्यो हसला. बोल्ला, आजी, मी हल्लो तं माजी मानसां मना शोदतील कुटं? मी बोल्ले, मर मंग हितंच." आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आसं बोल्ले रं मी. आमची बोलायची रीत."

मी तिला म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही." तिच्याबद्दल मी ते मनापासून म्हणालो. ट्रकवाल्याबद्दलही माझं काही म्हणणं नाही. त्याचं नाव पोलिसांकडे आहे, त्याला कोर्ट आहे. मुकुंदसाठी कोर्ट नाही. हात वर केला म्हणून कुठल्या कलमाखाली कोणाला धरत नाहीत. तेवढं काम माझ्याकडे आलं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मुकुंद आपणहून मला भेटायला डोंबिवलीला आला. अण्णा गाडी भंगारात देणार हे त्याला कळलं होतं. "मास्तर, तुम्ही शब्द टाका. गाडी मला द्या म्हणावं. वसंताची आठवण म्हणून जपेन." मी म्हटलं, "टाकतो. आधी एक काम कर. मला देसईला घेऊन चल. जिथे तो गेला तिथे पणती लावायची आहे." तो लगेच तयार झाला. डोळे भरून आले त्याचे. मी त्याच्या मागे बसलो. वाटेत मी एक शब्द बोललो नाही. तो मात्र बोलत होता, तुझ्या आठवणी सांगत होता, आणि त्याच्या डोक्यावर तपकिरी टोपीचा गोंडा माझ्या नाकासमोर हलत होता.

वळणावर उतरलो. सूर्य खाडीकडे कलला होता. पणती लावली. त्याने हात जोडले. मी विचारलं, "मुकुंद, फाट्यावर तुला वसंता दिसला होता?"

"हो. म्हणजे येतच होता ना तो मागे."

"दिसला होता का?"

"अहो, रोजचंच आहे. तो काय, शेपूट. येतोच."

"हात का वर केलास?"

त्याने पणतीची वात उगाच पुढे सरकवली. मग चिडला. मला वाटलंच होतं की आधी चिडेल. "काय उलटतपासणी चालवलीय? मी मारला का त्याला? ट्रकने मारला! एक दिवस, एकच दिवस मी थांबलो नाही. नाटकाला उशीर होत होता, बस्स. तुम्ही तर आलाच नव्हता त्या दिवशी!"

"नव्हतो. म्हणून मी कोणाला काही सांगितलंही नव्हतं की तो वेगात होता. तू अण्णांना ते सांगितलंस."

"मग काय सांगायचं होतं? मी नाटकाला गेलो होतो म्हणून?"

"हो. तेच."

तो रस्त्याकडे बघत राहिला. मी कोटाच्या खिशातून पक्कड काढली. कोट तुझा होता, काकूंनी मला दिलेला. गाडीशेजारी उकिडवा बसलो आणि साखळीवरची फुली शोधली. तूच शिकवलं होतंस मला ते, माझे हात पुस्तकापलीकडे काही धरू शकत नाहीत म्हणून चिडवत चिडवत. पट्टी सरकवली, कडी काढून घेतली. साखळी मातीत लोंबली.

"मास्तर! डोकं फिरलं का तुमचं? मी घरी कसा जाऊ?"

"जायचं नाही. थांबायचं. जागा सोडायची नाही, नियम आहे."

"कोण येणार आहे इथे?"

"आपलीच माणसं," मी म्हणालो, आणि मानपाड्याच्या दिशेने चालू लागलो.

मागून तो ओरडत होता. आधी शिव्या, मग माझं नाव, मग तुझं नाव. तुझं नाव ऐकलं तेव्हा माझी पावलं अडखळली, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मी वळलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला दुसऱ्याच्या भीतीचं सुख झालं. ते वाईट सुख आहे. पुस्तकांतून त्याच्याविरुद्ध मी पुष्कळ वाचलं आहे आणि मुलांना शिकवलंही आहे. तरी ते सुख होतं आणि घरी पोचेपर्यंत पुरलं.

मुकुंद थांबला नाही, वसंता. फिलिपने नंतर सांगितलं. गाडी तिथेच टाकून, दिसला त्या पहिल्या ट्रकला हात करून तो ठाण्याला गेला. तुझ्या नियमाचे दोन भाग होते. त्याने दोन्ही मोडले, आणि तो जिवंत आहे. आता सांग, पोटनियम हवा होता की नको?

हा वाद मी एकटाच पुढे चालवतो आहे. रात्रंदिवस तुझ्याशी भांडतो. का हलला नाहीस? म्हातारीच्या घरी पेज प्यायला असतास तर काय झालं असतं? ज्याने तुला पाण्यात ढकललं त्याला आपली एकुलती कडी काढून देतोस, आणि मग त्याच्यावर विसंबून अंधारात उभा राहतोस! माझा राग मुकुंदवरून सुटून तुझ्यावर येतो, आणि तिथे टिकत नाही. कारण मी बंद पडलो असतो आणि तू पुढे असतास, तर तू आला असतास. पावसात, अंधारात, नांदी सोडून, लग्नाच्या मांडवातून उठून आला असतास. हे मला इतकं पक्कं ठाऊक आहे की मीही तिथून हललो नसतो. तुझा नियम बरोबर होता. माणूस चुकीचा होता.

दहाव्याच्या संध्याकाळी मी तुझ्या घरी गेलो. अण्णा खिडकीशी, काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. आठवडाभर त्या घरात तुझं नाव कोणी घेतलं नव्हतं. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या मरणाबद्दल लोक बोलत नाहीत तसं ते होतं. मी रुमालासकट साखळी आणि ती कडी काकूंसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. हळू सांगितलं. काही गाळलं नाही, नाटकही नाही.

अण्णा उठून आले. म्हणाले, "म्हणजे गाडी बंद होती?"

"बंद होती."

"पळवत नव्हता?"

"नाही अण्णा. उभा होता. फिलिप आणि मुकुंद येतील म्हणून वाट बघत होता."

अण्णांनी भिंतीला हात टेकला. तुझ्या जाण्यानंतर ते पहिल्यांदा मोठ्याने रडले. "मी त्याला शिव्या दिल्या रे, सदा. त्याच्या फोटोला शिव्या दिल्या मी."

काकू रडल्या नाहीत. त्यांनी कडी उचलली, फुलीवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "मुकुंद तेराव्याला जेवायला येणार आहे ना?"

"येईल म्हणाला होता."

"येऊ नको म्हणावं. आणि सदा, त्याच्याकडून माझी टोपी घेऊन ये."

मी त्याच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं. बोलायला तोंड उघडलं. मी फक्त म्हटलं, "काकूंनी टोपी मागितली आहे." त्याचा चेहरा मी पाहिला, वसंता. देसईला मी जे केलं त्याने त्याला राग आला होता. या एका वाक्याने त्याला काय झालं ते मी लिहू शकत नाही. मला शब्द सापडत नाहीत म्हणून नव्हे. मला त्याची दया येईल म्हणून. तो आत गेला, टोपी घेऊन आला, माझ्या हातात देताना गोंडा एकदा बोटांनी सरळ केला. मी निघालो. जिन्यात असताना तो वरून म्हणाला, "मी काकूंना येऊन सांगू का?" मी म्हणालो, "सांगायची वेळ तुझी होती. आता मी सांगितलंय."

हा लेख वाचनालयाच्या वार्षिकात छापायला देतो आहे. शोकसभेला होते तेच लोक तो वाचतील. मुकुंदही वाचेल. संपादक म्हणाले, नाव गाळा, बरं दिसत नाही. मी नाव ठेवलं आहे. तुझ्याबद्दलचं खोटं वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने, भर सभेत सांगितलं होतं.

तू रागावला असतास, मला माहीत आहे. "जाऊ दे ना मास्तर, पोर आहे ते," म्हणाला असतास, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच्या मागे शेपूट होऊन निघाला असतास. माझ्या जागी तू क्षमा केली असतीस. पण क्षमा करणारा गेला आणि मी राहिलो.

अण्णांनी गाडी भंगारात दिली नाही. फिलिपने मडगार्ड ठोकून सरळ केला. तुझी साखळी तुझ्याच कडीने मी सांधली. बॅटरी नवी घातली आहे. मुकुंदची टोपी काकूंनी उसवली, लोकरीचा गुंडा त्यांच्या पेटीत आहे. गेल्या रविवारी फिलिप आणि मी निघालो, तो पुढे, मी मागे. मला गाडी नीट चालवता येत नाही. शीळफाट्यावर फिलिप थांबला होता. मी दिसल्यावर त्याने हात वर केला.